साथीच्या काळात पोटाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी जाहीर केलं. प्रश्न मात्र थांबलेले नाहीत. मुंबईत पावसाळा लागला आणि फ्लूचे रुग्ण वाढले, की तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. पहिले अकरा रुग्णांचे आणि घरच्यांचे आहेत, पुढचे बहुतेक लहान नर्सिंग होममधल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करणाऱ्यांचे. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ तुम्हाला तपासूनच घेतील.

१. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत विषाणूचा प्रश्न येतोच कुठून?

पोटावर अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडून त्यांत नळ्या बसवतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एका पोर्टमधून कार्बन डायऑक्साइड सोडून पोट फुगवतात, कारण आत जागा झाल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसत नाही. दाब साधारण १२ ते १५ मि.मी. पारा इतका ठेवतात. रक्तस्राव थांबवायला विजेनं डाग देणारं कॉटरी किंवा अल्ट्रासोनिक उपकरण वापरलं की धूर होतो आणि तो या गॅसमध्ये मिसळतो. दाबाखालचा हा गॅस पोर्टच्या कडेनं, झडपेतून किंवा शेवटी पोट रिकामं करताना ओटीत सुटतो. त्यातून आतला विषाणू बाहेर आला तर काय, ही मूळ भीती.

तंत्र आपल्याला नवं नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात देशातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. आज पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय, अंडाशयातली गाठ ही सगळी कामं सर्रास अशीच होतात.

२. मग २०२० मध्ये काही डॉक्टर “दुर्बीण नको, पोट उघडूनच करू” असं का म्हणत होते?

मार्च २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेज या व्यावसायिक संस्थांनी दुर्बीण सहसा वापरू नये अशी सूचना काढली होती. तेव्हा हाताशी पुरावा होता तो दुसऱ्या विषाणूंचा. कोरियातल्या एका अभ्यासात हेपेटायटिस बी असलेल्या ११ रुग्णांपैकी १० जणांच्या शस्त्रक्रियेच्या धुरात त्या विषाणूचा डीएनए मिळाला होता, आणि लेझरच्या धुरात चामखीळ आणणारा एचपीव्ही विषाणू सापडल्याचं आधीपासून माहीत होतं. नव्या विषाणूबद्दल काहीच ठाऊक नसताना सावध राहणं समजण्यासारखं होतं.

पण काही दिवसांतच अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या एंडोस्कोपिक (दुर्बिणीनं काम करणाऱ्या) सर्जनांच्या संघटनांनी वेगळी भूमिका घेतली: दुर्बीण बंद करू नका, गॅस गाळून बाहेर काढा. भारतातल्या सर्जनांच्या संघटनांनीही एकत्र येऊन खबरदारीसह शस्त्रक्रियेच्या शिफारशी केल्या. कारण सरळ आहे. पोट उघडलं तरी कॉटरी चालतेच आणि धूर होतोच. तो थेट सर्जनच्या तोंडासमोर होतो. दुर्बिणीत निदान तो बंद पोटात असतो, हवा तेव्हा आणि हव्या त्या नळीतून काढता येतो. पोटातल्या गॅसमधून श्वसनाच्या विषाणूची लागण झाल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण आजवर पुढे आलेलं नाही.

३. करोनाचा विषाणू पोटात असतो का?

बहुतेक रुग्णांच्या पोटातल्या द्रवात तो सापडला नाही; मोजक्या रुग्णांत त्याचा आरएनए (जनुकीय अंश) मिळाला. शौचात तो जास्त वेळा मिळतो, म्हणून आतडं उघडावं लागणाऱ्या शस्त्रक्रियेत काळजी थोडी अधिक. मात्र आरएनए सापडणं म्हणजे जिवंत, लागण करू शकणारा विषाणू सापडणं असं नाही.

४. म्हणजे धोका नाहीच का?

आहे, पण लोक शोधतात तिथे नाही. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात आणि शेवटी काढतात, ते दोन क्षण आणि त्यानंतरचा खोकला ओटीतल्या माणसांसाठी पोटातल्या गॅसपेक्षा कितीतरी जास्त काळजीचे. आणि रुग्णासाठी सर्वांत मोठा धोका म्हणजे अंगात संसर्ग असताना शस्त्रक्रिया होणं, मग ती दुर्बिणीनं असो की चिरून.

मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. शस्त्रक्रियेच्या आसपास करोना झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना (५१.२ टक्के) फुप्फुसांचा त्रास झाला आणि २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. हे आकडे लसीपूर्वीचे आहेत, त्यात तातडीच्या शस्त्रक्रिया फार होत्या. आज ते जसेच्या तसे स्वतःला लावून घेऊ नका. धोका कुठल्या बाजूनं येतो तेवढं त्यातून घ्या.

५. मला करोना होऊन गेला. आता किती दिवसांनी शस्त्रक्रिया करावी?

सात आठवडे हा आकडा ऐकला असेल. तो ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासातून आला, मार्च २०२१ मध्ये. संसर्गानंतर पहिल्या सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत ३० दिवसांतले मृत्यू ३.६ ते ४.१ टक्के होते. सात आठवड्यांनंतर ते १.५ टक्क्यांवर आले, म्हणजे करोना कधीच न झालेल्यांइतकेच. पण सात आठवड्यांनंतरही ज्यांना धाप, खोकला अशी लक्षणं होती, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. कॅलेंडरपेक्षा लक्षणं मोलाची ठरतात ती यामुळे.

लसीकरण आणि ओमायक्रॉननंतर हा नियम सैल झाला. आता पहिले दोन आठवडे टाळता येणारी शस्त्रक्रिया करत नाहीत. दोन ते सात आठवड्यांच्या मधल्या काळात वय, मधुमेह, हृदय-फुप्फुसांची स्थिती, शस्त्रक्रिया केवढी आहे आणि थांबण्यानं काय बिघडेल हे तोलून ठरवतात. तिशीतल्या, लस घेतलेल्या, दोन दिवस सर्दी होऊन बऱ्या झालेल्या माणसाला साध्या हर्नियासाठी सात आठवडे रखडवण्यात अर्थ नाही. आयसीयूत राहून आलेल्या सत्तरीच्या आजोबांना मात्र सातही कमी पडू शकतात. दोन मजले चढून धाप लागते का, हे भूलतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

६. माझी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का?

आजारावर आहे. अंडाशयाला पीळ, गर्भाशयाबाहेरचा गर्भ फुटणं, आतड्याला भोक, अडकलेला हर्निया: यांना तास मोजायचे असतात, साथ असो वा नसो. पित्ताशयाला तीव्र सूज असेल तर पहिल्या तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात काढणं सोपं जातं. त्यानंतर सगळं चिकटून बसतं आणि पित्तनलिकेला इजा होण्याची भीती वाढते. आत ढकलला जाणारा हर्निया, रक्तस्राव न करणारा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), पित्ताशयातले कधीच न दुखलेले खडे थांबू शकतात.

कर्करोग थांबणाऱ्यांच्या यादीत टाकू नका. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत परळच्या टाटा मेमोरियलनं कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यात एकही मृत्यू झाला नाही, हे त्यांनी प्रसिद्ध केलं आहे. रुग्ण नीट निवडले आणि शिस्त पाळली तर साथीतही मोठी कामं होतात.

थांबायचं ठरलं तर “थांबा” एवढंच ऐकून घरी जाऊ नका. काय झालं तर लगेच यायचं हे लिहून घ्या. खड्यांच्या रुग्णानं ताप, डोळे पिवळे होणं किंवा सहा तासांहून जास्त टिकणारी कळ यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं.

७. अपेंडिक्सला नुसत्या अँटिबायोटिकवर भागेल का?

बऱ्याच जणांचं भागतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १,५५२ प्रौढांच्या चाचणीत औषधांवर ठेवलेल्यांपैकी २९ टक्क्यांना ९० दिवसांत अपेंडिक्स काढावंच लागलं. अपेंडिक्समध्ये विष्ठेचा खडा असेल तर हे प्रमाण ४१ टक्के होतं. म्हणून आधी सोनोग्राफी किंवा सीटी करून खडा आहे का ते पाहतात. फुटलेलं अपेंडिक्स, गरोदरपण किंवा रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचणं अवघड असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. कसारा-कर्जतच्या पुढे राहणाऱ्याला आणि केईएमपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्याला एकच सल्ला लागू होत नाही.

८. आधी आरटी-पीसीआर करावीच लागते का? आणि निगेटिव्ह आली की निर्धास्त?

साथ जोरात असताना नियोजित शस्त्रक्रियेच्या ४८ ते ७२ तास आधी चाचणी करतात. लागण झाल्यावर पहिले काही दिवस ती निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे निगेटिव्ह अहवाल असला तरी मास्क आणि लक्षणांची विचारपूस सुटत नाही. उलट बाजूही आहे: बरं झाल्यावर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून नुकत्याच बऱ्या झालेल्यांची पुन्हा-पुन्हा चाचणी करून उपयोग नसतो.

तातडीच्या वेळी चाचणीसाठी थांबायचं नाही. चाचणी नाही म्हणून कोणतीही आणीबाणीची प्रक्रिया, बाळंतपणासह, अडवू नये असं आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) मे २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये, लक्षणं नसतील तर शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट चाचणी नको, असंही सांगितलं. छातीचा सीटी केवळ चाळणी म्हणून काढण्याची गरज नाही.

९. आम्ही चाळीत राहतो, एका खोलीत पाच जण. शस्त्रक्रियेआधी विलगीकरण करायचं कसं?

पूर्ण विलगीकरण जमणार नाही, आणि ते जमलं नाही म्हणून घाबरू नका. शस्त्रक्रियेच्या आधी लोकांना कोंडून ठेवल्यानं फुप्फुसांचे त्रास कमी झाल्याचं मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं नाही. उलट ते किंचित वाढलेले आढळले, बहुधा हालचाल थांबल्यामुळे. म्हणून पलंगाला खिळू नका. रोज अर्धा तास गॅलरीत किंवा गच्चीवर, गर्दी नसेल तेव्हा चाला. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) आठवडाभर आधीपासून, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा श्वास असा वापरा. शस्त्रक्रियेनंतर तोच लागणार आहे.

बाकी जमेल ते करा. लोकलनं कामावर जाणाऱ्यानं घरात आठवडाभर मास्क ठेवावा. रुग्णाची झोपायची जागा खिडकीजवळ असावी. पंख्याची हवा बाकीच्यांकडून रुग्णाकडे येईल असं झोपू नये. सामाईक संडासात सकाळच्या रांगेची वेळ टाळा, मास्क लावूनच जा. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा.

१०. लस आणि शस्त्रक्रिया यांत किती अंतर हवं?

काही दिवस, जास्तीत जास्त आठवडा. लसीचा ताप आणि शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचा ताप यांत गोंधळ होऊ नये एवढंच कारण. तातडीची शस्त्रक्रिया असेल तर अंतर पाहत नाहीत.

११. घरी आल्यावर खांदा दुखतोय, थोडा ताप आहे. गॅस, करोना की आणखी काही?

खांद्याचं दुखणं बहुधा गॅसचं. उरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाला डिवचतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. ती एक ते तीन दिवसांत जाते, आडवं पडल्यावर कमी होते. दीर्घ श्वास घेताना छातीत टोचणं, एका पायाला सूज, अचानक धाप हे मात्र गॅसचं नव्हे. करोनात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे गुठळीची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली असतील तर ती ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करा.

ताप पहिल्या एक-दोन दिवसांत किरकोळ असू शकतो. तिसऱ्या दिवसानंतर चढला, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या किंवा टाक्यांतून पाणी आलं तर शस्त्रक्रियेशी संबंधित कारण आधी शोधायला हवं. “करोना असेल” म्हणून घरी बसण्यात पोटातला पू वाढत जातो, आणि साथीच्या काळात ही गल्लत फार होते. खोकला, घसा, वास जाणं सोबत असेल तर चाचणी करा. ऑक्सिमीटर बसलेल्या स्थितीत ९४ च्या खाली दाखवू लागला तर फोनवर सल्ला घेत बसू नका. खोकताना उशी पोटावर दाबून धरली की टाके कमी दुखतात.

१२. पोटाची दुर्बीण, घशातून घालायची दुर्बीण, सायनसची, गुडघ्याची: सगळ्यांत धोका सारखाच का?

नाही. श्वसनमार्गाच्या जितकं जवळ तितका धोका जास्त. नाकातून सायनसचं काम आणि घशातून जठराची एंडोस्कोपी यांत लाळ, खोकला, ओकारी थेट येतात, त्यामुळे खबरदारी सर्वोच्च पातळीची. छातीच्या दुर्बिणीत एकाच फुप्फुसावर श्वास चालवतात आणि भूलयंत्राची नळी मध्ये-मध्ये सुटते. तीही वरच्याच गटात. पोटाची दुर्बीण मधल्या गटात. गुडघा आणि मूत्राशय सलाईन भरून पाहतात, गॅस नसतो. पाठीत इंजेक्शन देऊन काम झालं तर ओटीतल्यांना धोका सर्वांत कमी.

१३. ओटीत गॅस गळू नये म्हणून नेमकं काय करायचं?

पहिली गळती कातडीच्या छेदाशी होते. १० मि.मी. पोर्टला १४ मि.मी. छेद घेतला की कडेनं फुसफुस सुरू. छेद पोर्टपेक्षा किंचित लहानच घ्या. पोर्ट उघड्या पद्धतीनं बसवत असाल तर भोवती पर्स-स्ट्रिंग टाका (बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका) घालून आवळा, किंवा फुगा असलेला पोर्ट वापरा.

दुसरी गळती झिजलेल्या रबरी वॉशरमधून, आणि ती आपल्याकडे फार. एकदाच वापरायचे पोर्ट धुऊन पुन्हा वापरले जातात, वॉशर सैल पडतो आणि दर वेळी हत्यार बाहेर काढलं की गॅसचा झोत वर येतो. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक पोर्टमध्ये ५ मि.मी.चं हत्यार घालून-काढून पाहा. सैल असेल तर वॉशर बदला. हत्यारांची ये-जा कमीत कमी ठेवा.

दाब १० ते १२ पर्यंत उतरवा. स्नायू पूर्ण शिथिल असतील तर एवढ्यावर पित्ताशय आरामात दिसतं. त्यासाठी भूलतज्ज्ञांशी आधी बोलावं लागतं, मध्येच “दाब वाढवा” म्हणून ओरडून काही होत नाही. धूर साचला म्हणून पोर्टचा नळ उघडून हवेत फुस्स करण्याची सवय पूर्ण सोडा. तो नळ फिल्टरला जोडलेला असला पाहिजे (प्रश्न १५ आणि १६). हात घालून करायची दुर्बीण टाळा, कडेनं गॅस सुटतोच.

गॅसचा पोर्ट बदलायचा असेल तर आधी त्या पोर्टचा नळ बंद, मग नळी काढा, नव्या पोर्टला लावा, इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरणारं यंत्र) चालू आहे याची खात्री करा आणि मगच नवा नळ उघडा. उलटं केलं तर पोटातला गॅस यंत्रात शिरतो.

१४. शेवटी पोटातला गॅस काढण्याचा क्रम काय?

इथेच सर्वांत जास्त घाई होते, कारण सगळ्यांना पुढची केस दिसत असते. रुग्णाला सपाट करा. गॅस ज्या पोर्टमधून जातोय त्याचा नळ आधी बंद करा, इन्सफ्लेटर नंतर. क्रम उलटला आणि यंत्रातला दाब पोटातल्या दाबापेक्षा खाली गेला, की धूरमिश्रित गॅस नळीतून मागे यंत्रात जातो. नळीत फिल्टर असला तरी हा क्रम पाळा. यंत्राला गॅस काढून घेण्याची सोय असेल तर ती वापरा. मग सर्वांत वरच्या पोर्टमधून, फिल्टर आणि सक्शनवाटे, पोट पूर्ण बसेपर्यंत गॅस ओढून घ्या. हातानं पोट दाबून उरलेला काढतात, तो याच नळीतून.

काढलेलं पित्ताशय किंवा अपेंडिक्स पिशवीत ठेवून, गॅस गेल्यावरच बाहेर ओढा. नंतर पोर्ट काढा, नंतर आतल्या पडद्याचे टाके. पोट फुगलेलं असताना टाके घालण्याची साधनं गॅस सोडतात. मध्येच पोट उघडायची वेळ आली तरी हाच नियम: आधी गॅस फिल्टरमधून बाहेर, मग चाकू. रक्तस्रावामुळे क्षणभरही वेळ नसेल तर रुग्णाचा जीव आधी. सगळ्यांचे एन-९५ चढलेले असतातच, त्यासाठीच.

१५. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचा आणि विषाणू ०.१ मायक्रॉनचा. मग तो अडतो कसा?

हेपा म्हणजे हवेतले अतिबारीक कण अडवणारा फिल्टर. त्याची ९९.९७ टक्क्यांची खूण ०.३ मायक्रॉनवर लावतात, कारण साधारण त्याच आकाराचे कण पकडणं सर्वांत अवघड असतं. त्याहून बारीक कण सरळ रेषेत जात नाहीत. हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात. शिवाय विषाणू एकटा उडत नाही, थेंबात किंवा धुराच्या कणात असतो. अल्पा फिल्टर आणखी काटेकोर असतो, ०.१२ मायक्रॉनवर ९९.९९९ टक्के. तो मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यावाचून काम अडवू नये.

१६. महागडं धूर ओढायचं यंत्र नाही. भूलयंत्राचा फिल्टर किंवा ब्लीचची बाटली चालेल का?

फिल्टर चालतो, बाटलीवर भिस्त ठेवू नका. भूलयंत्राच्या नळीला लावतात तो फिल्टर घ्या, मात्र वेष्टनावर जिवाणू-विषाणू गाळण्याची टक्केवारी छापलेली पाहा. नुसता ओलावा धरणारा एचएमई विषाणू अडवत नाही, आणि दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात. पोर्टच्या बाजूच्या नळाला सक्शनची नळी, तिच्या टोकाला श्वासनलिकेच्या ट्यूबचा १५ मि.मी.चा जोड, त्यावर फिल्टर आणि फिल्टरच्या पलीकडे सक्शन. ओढ हलकी ठेवा. जोरात ओढलं की पोट बसतं, इन्सफ्लेटर भराभर गॅस ओततो आणि कॅमेरा धूसर होतो. फिल्टर सक्शनच्या आधीच हवा: लहान नर्सिंग होममधलं फिरतं सक्शन मशीन ओढलेली हवा ओटीतच बाहेर टाकतं. रक्त किंवा पाणी शिरून फिल्टर भिजला तर गाळणं बिघडतं आणि गॅस अडतो, लगेच बदला. दुसऱ्या रुग्णाला तोच वापरू नका.

बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट भरून त्यात गॅसचे बुडबुडे सोडण्याची युक्ती २०२० मध्ये बरीच फिरली. मोठ्या बुडबुड्याच्या मधली हवा द्रावणाला शिवतही नाही, आणि वर फुटताना नवे तुषार उडतात. फिल्टरच्या जोडीला हवी तर ठेवा. त्या बाटलीत आम्ल किंवा फॉर्मेलिन कधीही मिसळू नका. आम्लानं क्लोरीन वायू सुटतो.

१७. आमच्या ओटीला स्प्लिट एसी आहे. चालेल का?

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक थेंबभरही आणत नाही. दादर-बोरिवलीच्या कित्येक नर्सिंग होमची हीच अडचण आहे. तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला १४ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला २१. तासाला सहा वेळाच बदलत असेल तर ४६ आणि ६९ मिनिटं. श्वासनलिकेत नळी घालताना आणि काढताना ओटीत फक्त भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस ठेवून बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि दोन केसमधलं अंतर ठरवायचं, ते या गणितावरून.

फिरतं हेपा यंत्र हा व्यवहार्य उपाय. ६ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच ओटी म्हणजे ९० घनमीटर. तासाला ९०० घनमीटर हवा गाळणारं यंत्र ठेवलं तर दहा वेळा हवा गाळली जाते, ९९ टक्क्यांसाठी २८ मिनिटं. ते रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला ठेवा. पायाकडे ठेवलं तर श्वासाची हवा टेबलावरून ओढली जाते. खिडक्या उघडण्याचा मोह टाळा. मुंबईच्या दमट हवेत धूळ आणि बुरशी दोन्ही आत येतात.

१८. एन-९५ कोणता आणि दाढी चालते का?

झडप असलेला नको, कारण उच्छ्वास न गाळता रुग्णाच्या जखमेकडे जातो. दाढीवर कड बसत नाही, ती काढावी लागते. मास्क चढवल्यावर दोन्ही हात पुढे धरून जोरात श्वास सोडा. कडेनं हवा लागली तर तो बसलेला नाही.

१९. कॉटरी बरी की अल्ट्रासोनिक?

धुराच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच वाईट. अल्ट्रासोनिक उपकरण कमी तापमानावर चालतं, त्यामुळे तुषारांतले कण जिवंत राहण्याची शक्यता जास्त असल्याचं मानतात; कॉटरी धूर जास्त करते. जे वापराल ते कमी ताकदीवर आणि थोडा-थोडा वेळ, सोबत धूर ओढणं चालू. जमेल तिथे बायपोलर (चिमट्याच्या दोन टोकांतच वीज वाहणारी कॉटरी), क्लिप आणि टाके.

२०. हत्यारं हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची ना?

नाही. १ टक्का हायपोक्लोराइट फरशी आणि सांडलेल्या रक्तासाठी. हत्यारांचे सांधे त्यानं गंजतात आणि टेलिस्कोप खराब होतो. हत्यार सुटं करून एन्झाइमच्या द्रावणात, ब्रशनं, पोकळ नळीतून पाणी मारून धुवा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) सोसणारं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. न सोसणारं ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्माच्या निर्जंतुकीकरण यंत्रात.

करोनाचा विषाणू चरबीच्या आवरणाचा, साबणानंही मरतो. खरी डोकेदुखी जुनीच आहे: ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटं बुडवून नळाच्या पाण्यानं धुतलेल्या हत्यारांमुळे पोर्टच्या जागी होणारा ॲटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा (क्षयरोगाच्या जंतूच्या जातकुळीतल्या जंतूंचा) संसर्ग. तीन-चार आठवड्यांनी गाठ येते, फुटते, महिनोन्महिने औषधं चालतात. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडनं निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात, आणि नंतर धुवायचं ते निर्जंतुक पाण्यानंच.

२१. रुग्ण पॉझिटिव्ह आहे आणि शस्त्रक्रिया टाळता येत नाही. दुर्बिणीचा आग्रह धरावा का?

फुप्फुसं ठीक असतील तर धरावा. लहान जखम, कमी वेदना, मोकळा श्वास आणि लवकर घर, हे फायदे अशा रुग्णाला जास्तच लागतात. पण ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचं पोट फुगवलं की श्वासपटल वर सरकतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. त्यात स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेसाठी डोकं खाली केलं तर श्वासाच्या यंत्रावरचा दाब आणखी चढतो. अशा वेळी पाठीत भूल देऊन उजवीकडच्या लहान छेदातून अपेंडिक्स काढलेलं बरं. ना नळी, ना गॅस. पित्ताशयात पू असेल आणि रुग्ण भूल सोसणार नसेल तर सोनोग्राफीखाली नळी टाकून निचरा करावा, पित्ताशय नंतर काढावं. सुरू केल्यावर ऑक्सिजन उतरू लागला तर दाब ८ पर्यंत आणा, रुग्णाला सपाट करा. तरी सावरला नाही तर गॅस काढून पद्धत बदला.

२२. शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना अहवाल पॉझिटिव्ह आला तर?

काम थांबवू नका, अर्धवट पोट बंद करण्यात फायदा नाही. अनावश्यक माणसांना बाहेर पाठवा, नव्यांना आत घेऊ नका, साधा मास्क असलेल्यांनी एकेक करून बाहेर जाऊन एन-९५ घालून यावं. दारं बंद. प्रश्न १४ चा क्रम इथून पुढे काटेकोर. नळी काढताना तोंडावर पारदर्शक आवरण धरा आणि रुग्णाला रिकव्हरीत इतरांमध्ये न नेता ओटीतच शुद्धीवर आणून थेट वेगळ्या खोलीत हलवा. लिफ्ट आधी मोकळी करून घ्यावी लागते. वॉर्डबॉयला त्यासाठी पंधरा मिनिटं आधी कळवा.

२३. साथ नसताना हे सगळं बंद करायचं का?

रोजची चाचणी, पूर्ण पीपीई, केसमधली लांब प्रतीक्षा बंद करा. फिल्टर आणि नळांचा क्रम चालू ठेवा. हेपेटायटिस बी, एचआयव्ही किंवा एचपीव्ही असलेले रुग्ण टेबलावर बारमाही असतात आणि कित्येकांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं. धुरात बेंझीन, कार्बन मोनॉक्साइडसारखे पदार्थही असतात, आणि तो दिवसभर ओटीतली सिस्टर श्वासावाटे घेत असते.